सरावातील कालमापन : उच्चाराचे घड्याळ

कबड्डीच्या सामन्यात चढाईस 30 सेकंदांची मर्यादा असते, आणि ती मोजण्यास पंच व घड्याळ हजर असतात. सरावाच्या मैदानावर मात्र पुष्कळदा घड्याळ एक आणि खेळाडूंचे गट तीन-चार, असा प्रकार असतो. मग चढाई अंदाजाने संपविली जाते. अशा सरावात खेळाडूस 30 सेकंदांची जाण येत नाही; सामन्यात तो एकतर उगाच घाईने परततो, किंवा मध्यरेषा गाठण्यापूर्वीच त्याची वेळ संपते. ही उणीव भरून काढण्याचे एक फुकटचे साधन खेळाडूच्या मुखातच आहे, आणि त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करावा असा आहे.

उच्चाराने काळ मोजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आर्यभटाने 'आर्यभटीया'च्या कालक्रियापादात विनाडिकेचे, म्हणजे पळाचे, मान दोन प्रकारे दिले आहे : साठ गुरू अक्षरे किंवा सहा प्राण. पळ 24 सेकंदांचे. तेव्हा एक गुरू अक्षर 0.4 सेकंदाचे आणि एक प्राण, म्हणजे एक श्वासोच्छ्वास, 4 सेकंदांचा. कबड्डीतील 'दम' या शब्दातही श्वास आणि चढाईचा अवधी हे दोन अर्थ असेच एकत्र नांदतात. सेकंदांची मर्यादा येण्यापूर्वी दम हीच चढाईची मर्यादा होती, हे येथे आठवावे.

आता 'कबड्डी' हा शब्द पाहा. क लघू, बड् गुरू, डी गुरू : मात्रा पाच. आपल्याकडील जुन्या 'हुतूतू'चीही घडण नेमकी हीच. दोन्ही शब्द म्हणजे एकेक यगण होत. पाच मात्रा म्हणजे अडीच गुरू अक्षरे, आणि वरील मानाने बरोबर एक सेकंद. अर्थात संथ तालात म्हटलेली तीस 'कबड्डी' म्हणजे एक पूर्ण चढाई. भुजंगप्रयात वृत्ताच्या चरणात चार यगण असतात. म्हणून एक चरण म्हणजे एक प्राण. ज्याला 'मनाचे श्लोक' तोंडपाठ आहेत त्याने ते याच लयीत म्हटले, तर दुसऱ्या श्लोकाच्या शेवटच्या चरणाच्या मध्याशी 30 सेकंद भरतात.

हा हिशेब मोहक असला तरी तो जसाच्या तसा मैदानावर नेणे धोक्याचे ठरेल. नेहमीच्या बोलण्यात सेकंदास चार-पाच अक्षरे सहज उच्चारली जातात. येथे तीनच अपेक्षित आहेत. शिवाय छंदःशास्त्रातील गुरू-लघूंचे दोनास एक हे प्रमाण प्रत्यक्ष मराठी उच्चारात काटेकोर राहत नाही. म्हणून मोजणाऱ्याने आधी सेकंदकाटा असलेल्या कोणत्याही घड्याळासमोर मिनिटभर उच्चार करून आपली गती ठरवावी. मिनिटास 72 आवर्तने होत असतील, तर त्याची चढाई 36 आवर्तनांची. ही तपासणी दर काही दिवसांनी करावी, कारण गती नकळत वाढते.

मोजणारा बाहेर बसलेला असावा. चढाई करणाऱ्याचा स्वतःचा उच्चार मापक म्हणून निरुपयोगी होय. प्रतिपक्षाचा हात पुढे आला की त्याची लय बदलतेच. कडेला बसलेल्याने टाळीचा किंवा पायाचा ठेका धरल्यास लय अधिक स्थिर राहते. बाद झालेल्या खेळाडूंनाच पाळीपाळीने हे काम द्यावे. मोजता मोजता अवधीची जाण त्यांच्याही अंगी मुरते.

मिनिटांच्या हिशेबास मात्र मुखाचे घड्याळ पुरे पडत नाही. 20 मिनिटांच्या डावासाठी हजाराहून अधिक आवर्तने मोजताना चूक साचत जाते. तेथे जुने घटिकापात्रच बरे : बुडाला बारीक भोक पाडलेले धातूचे वाडगे पाण्यावर तरंगत ठेवायचे, आणि ते भरून बुडाले की अवधी संपला. लग्नाचा मुहूर्त साधणारी घटका 24 मिनिटांची असे. भोक किंचित मोठे केले की 20 मिनिटे साधतात. वाडगे बादलीत पाहिल्यास वारा लागत नाही, आणि भोकात कचरा अडकला नाही ना, हे दर वेळी पाहावे लागते.