डोंगर बंद, शेळी विकली

पाणलोटाचे काम आता खेड्यापाड्यांत नवे राहिलेले नाही. डोंगरावर समतल चर खोदायचे, ओढ्याला बंधारे घालायचे, गायरानात झाडे लावायची आणि ती जगावीत म्हणून चराईबंदी व कुऱ्हाडबंदी करायची. माथ्यावर पाणी मुरले की पायथ्याच्या विहिरींना ते उतरते. काम चांगलेच आहे. आम्ही विचारतो ते एवढेच, की पायथ्याची विहीर कुणाची आणि माथ्यावर चरणारी शेळी कुणाची?

गावी गेलो असता वस्तीतल्या एका विधवा मावशींनी आम्हाला ऐकवले, "चर आम्हीच खोदले, बाबा. मजुरी मिळाली, नाही कशाला म्हणू? पण डोंगर बंद झाला अन् तिन्ही शेळ्या विकाव्या लागल्या. सरपणाला आता पार पल्याडच्या गावच्या शिवारात जावं लागतं." ज्यांच्या विहिरी भरल्या त्यांनी ऊस लावला. गंमत अशी, की पाणलोट समितीत या मावशींचे नाव होते! सभेच्या वहीत अंगठाही होता. सभा कुठे झाली, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही पेशाने कारकून. वही कशी भरली जाते हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

कागदावर तरतूद नव्हती असे नाही. केंद्र शासनाने २००८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत समितीचे निम्मे सदस्य बचतगट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला व भूमिहीन यांच्यातून घ्यावेत असे म्हटले होते. ज्यांच्याकडे जमीनजुमला नाही त्यांच्या रोजीरोटीसाठी वेगळी रक्कमही राखून ठेवली होती. आमच्या मावशींना त्यातला एक रुपया दिसला नाही.

आणि हे करता येत नाही असेही कुणी सांगू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरला. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मिळाला. उसाला मात्र बंदी. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न माणसाच्या हक्काचाच होता. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आपल्या आयाबहिणी लेकरे काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. आज त्यांच्याच सुना ग्रामसभेच्या दाराबाहेर उभ्या का?

यात आपलाही दोष आहे. सभा रात्री आठला, स्वयंपाकाच्या वेळी ठेवतात. आणि आपण पुरुष जेवून सभेला जातो. विहाराच्या कमिटीत तरी किती भगिनी आहेत, ते ज्याने त्याने मोजावे.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. भगिनींनी तेथे ठराव मांडावेत: सगळा डोंगर एकदम बंद न करता आळीपाळीने बंद करा, बंद भागातले गवत विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन बायांना द्या, बंधाऱ्यातल्या मासळीचा ठेका बचतगटाला द्या. ठराव वहीत उतरला की नाही, हे आपल्या शिकलेल्या मुलीकडून तिथल्या तिथे वाचून घ्यावे, मगच अंगठा द्यावा.

मावशींनी परवा निरोप धाडला आहे. पुढच्या सभेला त्या जाणार आहेत, आणि वही वाचायला नात बरोबर असेल.