गाडी ठरवताना नंबर प्लेट पाहा!
दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कुरुळीत, चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या घरांतून बेत शिजू लागतात. यंदा कोकण की अष्टविनायक? मग ओळखीतल्या कुणाची तरी गाडी स्वस्तात ठरते. पण तिची नंबर प्लेट पाहिलीत का?

पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी. तिचा विमा खासगी वापरापुरता असतो. भाड्याने दिली की अटींचा भंग होतो. अपघात झालाच, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि जखमींच्या नशिबी कोर्टाच्या पायऱ्या येतात. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरे असलेली गाडी भाड्यासाठीच नोंदलेली असते. विजेवरच्या भाड्याच्या गाडीला हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरे असतात. तरीही विम्याची मुदत पाहावीच. ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की ती कळते.

रेल्वेने जाणार असाल, तर ऑनलाइन तिकीट काढताना विम्याचा पर्याय जरूर निवडा. माणशी रुपयाहूनही कमी खर्चात, अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला 10 लाख रुपये मिळतात. मात्र तिकिटानंतर विमा कंपनीकडून येणाऱ्या लिंकवर वारसाचे नाव भरायला विसरू नका. बॅगा भरण्याआधीचे हे काम पाच मिनिटांचे आहे.