दंड भरून पंचशील पाळले जात नाही

मध्य प्रदेशच्या सीमेवरचे बपेरा असो वा नागपूर, कायदा एकच: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल घेऊन गाडी चालवली, तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण सुटलेला माणूस पुन्हा पिऊन गाडीवर बसलाच तर?

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००५ पासून पहिल्याच गुन्ह्यातील दोषींनाही गाडीत ‘इंटरलॉक’ सक्तीचे केले. नळीत फुंकायचे, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दारू आढळली, तर इंजिन सुरूच होत नाही. आपल्याकडे अशी सक्ती नाही; ती व्हावी, असे आम्हाला वाटते.

तोवर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतील दारूबंदीच आपले कुलूप. प्यालेल्या मित्राची किल्ली काढून घ्या. जय भीम!