धूर म्हणजे न जळलेले सरपण

महागणपतीच्या दर्शनाला टिटवाळ्याला येणारा भाविक बहुधा स्टेशन ते देऊळ एवढाच रस्ता पाहतो. त्यापलीकडे कल्याण, मुरबाड, शहापूर तालुक्यांतली भातशेतीची गावे आणि कातकरी-ठाकूरांचे पाडे आहेत. तिथे गॅसची टाकी पोचली, तरी चूल विझलेली नाही. आंघोळीचे पाणी, तांदळाची भाकरी, टाकी भरायला पैसे नसलेला महिना, हे सारे अजून तिच्यावरच निभते. त्या चुलीच्या पोटात जे घडते ते खरोखर थक्क करणारे आहे.

लाकूड थेट जळत नाही. अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास ते आतून फुटू लागते आणि त्यातून ज्वलनशील वायू सुटतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ पाऊण भाग असा वायुरूप होतो. आपण जाळ म्हणतो तो या वायूंचा. त्यांना पुरेशी धग आणि हवा मिळाली नाही, तर तेच धूर होऊन छपराला लागतात. डोळे चुरचुरवणारा, भांडी काळी करणारा तो धूर म्हणजे बाईने मोळी बांधून डोक्यावरून आणलेले, पण न जळलेले सरपण!

किती वाया जाते? एक किलो कोरड्या लाकडात सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता असते. लिटरभर पाणी ३० अंशांवरून उकळायला ७० पुरतात. साध्या चुलीत दहा टक्केच उष्णता भांड्याला लागते, म्हणून १७५ ग्रॅम लाकूड जाते. वीस टक्के लागली, तर ८८ ग्रॅममध्ये भागते. त्यासाठी लागते ते साधेच: लाकडाखाली हवा खेळवणारी जाळी, नेमक्या मापाची आगटी, बुडाला जाळ लपेटेल असे भांडे, उरलेली धग घेणारा वैल आणि धूर बाहेर नेणारे धुराडे.

यामागे आपल्याकडची मोठी परंपरा आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत, गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाच्या कामातून, १९४० च्या दशकात ‘मगन चूल’ घडली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो थांबेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या. महाराष्ट्रात त्याला पुढच्या काळात तांत्रिक साथ दिली ती डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने. तिची ‘लक्ष्मी’ चूल दोन भांड्यांची, धुराड्याची आणि साच्यातून घडणारी. साचा ही मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. आगटीचे माप थोडे जरी चुकले तरी चूल धुमसते; साच्यामुळे शिकलेला कुंभार किंवा गावातली बाई तेच माप हुकमी उतरवू शकते आणि चुली विकून चार पैसेही मिळवू शकते.

धुराडे मात्र धूर घराबाहेर नेते, जाळत नाही. पंखा बसवलेल्या चुलीत आगटीच्या वरच्या अंगाने हवा सोडतात, त्यामुळे बहुतेक वायू तिथेच जळून जातात. भारतीय मानकानुसार बिनपंख्याच्या सुट्या लाकूडचुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के हवी, पंखेवाल्या चुलीची ३५.

हे सारे का महत्त्वाचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुराने जगभर ३२ लाख माणसे दगावली. त्यात पाच वर्षांखालची मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

तरीही चूल बसवली म्हणजे काम झाले, असे समजू नये. ओडिशात अर्थशास्त्रज्ञ रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुधारित चुलींचा काही वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी श्वासातून जाणारा धूर कमी झाला. पुढे डागडुजी राहिली, वापर घटला आणि फायदा विरला. म्हणून टिटवाळ्याच्या पंचक्रोशीत चुली वाटू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेला आणि ग्रामपंचायतीला कळकळीची विनंती आहे: चुली थोड्या कमी द्या, पण धुराडे झाडायला आणि फुटलेली जाळी बदलायला गावातल्याच एका बाईला शिकवा आणि त्या कामाचा मोबदला पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.