फॉर्मबरोबर फोटो कसा जातो?

मंडळी, मागच्या वर्षीची गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता. शेवटचा दिवस होता. काकूंनी मोबाइलवर फॉर्म भरला. गुणपत्रिकेचा फोटो जोडला. बटण दाबले. पडद्यावर एक चक्र फिरू लागले. काकू म्हणाल्या, "गुरुजी, झालं की!" आणि त्यांनी पान बंद केले. आम्ही शेजारीच बसलो होतो. आम्हीही मान डोलावली.

पुढे यादी लागली. यादीत मुलीचे नाव नाही! चौकशी केली, तर उत्तर मिळाले, "फॉर्म आलाच नाही." मुलीचे एका वर्षाचे पैसे बुडाले. आम्ही इतकी वर्षे शाळा चालवली, पण हे आम्हाला ठाऊक नव्हते. मग आम्ही जाणत्यांना विचारून समजून घेतले. तेच तुम्हाला सांगतो.

संगणकाला फोटो दिसत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. ० पासून २५५ पर्यंतचा एक आकडा म्हणजे एक बाइट. मोबाइलवरच्या एका फोटोत असे तीस लाख बाइट सहज असतात. फोटो पाठवायचा म्हणजे हे सगळे आकडे, त्याच क्रमाने, पलीकडे पोचवायचे.

नुसत्या अक्षरांचा फॉर्म पाठवण्याची जुनी रीत सोपी आहे. सगळी उत्तरे एका लांब ओळीत जोडतात. इंग्रजी अक्षरे आणि अंक तसेच जातात. बाकीच्या बहुतेक बाइटांच्या जागी प्रत्येकी टक्क्याची खूण आणि पुढे दोन अक्षरे लिहितात. आपला 'क' तीन बाइटांचा. तो या रीतीने नऊ खुणांचा होतो! फोटो असा लिहायचा म्हटला, तर ओझे अडीच पटीच्या आसपास जाईल. ते कसे परवडावे?

यावर १९९५ साली तोड निघाली. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीचे एर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी फॉर्मबरोबर फाईल पाठवण्याची रीत लिहून काढली. ई-मेलमध्ये एका पत्रात अनेक वस्तू घालायची सोय आधीच होती. तीच त्यांनी फॉर्मला लावली.

ही रीत कशी आहे? असे पहा. आम्ही शाळेत असताना उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकाच पोत्यात घालून पाठवत होतो. दोन गठ्ठ्यांच्या मध्ये तांबडा पुठ्ठा ठेवायचो. पांढरा का नाही? कारण उत्तरपत्रिका पांढऱ्या. पुठ्ठा त्यांत मिसळून गेला असता. प्रत्येक गठ्ठ्यावर विषयाची चिठ्ठी असे.

मोबाइलही तेच करतो. आत सहसा सापडणार नाही अशी एक विचित्र ओळ तो तयार करतो. हा त्याचा तांबडा पुठ्ठा. "माझा पुठ्ठा असा आहे," हे तो पलीकडच्या संगणकाला आधीच सांगतो. मग पुठ्ठा, चिठ्ठी, माल. पुन्हा पुठ्ठा, चिठ्ठी, माल. चिठ्ठीवर रकान्याचे नाव असते. फोटो असेल तर फाईलचे नाव आणि प्रकारही असतो. चिठ्ठीनंतर एक ओळ कोरी. त्यानंतर फोटोचे बाइट, जसेच्या तसे. ओझे वाढत नाही. शेवटच्या पुठ्ठ्याला मागे दोन आडव्या रेघा जास्त असतात. त्यांचा अर्थ, "माल संपला."

वाटेत या पोत्याचे बारीक तुकडे होतात. एक तुकडा सुमारे दीड हजार बाइटांचा. म्हणजे तीस लाखांचे दोन हजार तुकडे झाले! पोचलेल्या तुकड्यांची पोच परत येते. हरवलेला तुकडा पुन्हा पाठवावा लागतो. रेंज कमी असली की चक्र फिरत राहते, ते यामुळे. काकूंनी पान बंद केले तेव्हा शेवटचा पुठ्ठा वाटेतच होता. पोते अपुरे राहिले. अपुरे पोते कोण जमा करून घेणार?

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

चक्र थांबेपर्यंत पान बंद करू नका. अर्जाचा नंबर आला तरच अर्ज गेला. तो लिहून ठेवा.

फोटो किती मोठा चालेल ते फॉर्मवर वाचा. जास्त मोठा फोटो पलीकडचा संगणक परत लावतो.

ज्या रकान्यात जे मागितले तेच जोडा. चिठ्ठी रकान्याची लागते. आत फोटो कोणाचा, हे चिठ्ठीला कळत नाही.

पुठ्ठा म्हणजे कुलूप नव्हे. पत्त्याची सुरुवात 'एचटीटीपीएस' अशी असेल, तरच माल वाटेत कुलपात असतो. शिवाय पलीकडे जाते ती नक्कल. मूळ फोटो इथेच राहतो. दुकानातल्या संगणकावरून फॉर्म भरलात, तर तिथला फोटो पुसायला सांगा.

यंदा काकूंनी पुन्हा फॉर्म भरला, तोही चार दिवस आधी. चक्र बराच वेळ फिरले. काकू हलल्या नाहीत. नंबर आला, तसा त्यांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहिला. मग म्हणाल्या, "गुरुजी, आता झालं."