चौथीच्या वर्गातला इतिहास: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इतिहास म्हणजे पाठांतर, ही समजूत प्राथमिक शाळेतच रुजते आणि जन्मभर टिकते. खरं तर ‘हे कशावरून?’ असं विचारायला नऊ-दहा वर्षांचं मूल पुरेसं मोठं असतं. आड येतात ते मोठ्यांचे गैरसमज.

गैरसमज: सनावळी पाठ झाली की इतिहास आला.
वस्तुस्थिती: मुलासाठी १६७४ हा नुसता आकडा असतो. वर्षाला एक सेंटीमीटर धरून दोरी ताणा. आई आणि आजीच्या जन्माच्या गाठी अगदी जवळ येतात, शिवराज्याभिषेकाची साडेतीन मीटरवर. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीची सुरुवात मात्र सुमारे ३६ मीटरवर, थेट मैदानात! ‘आधी’ आणि ‘फार आधी’ यांतला फरक मुलं चालून शिकतात.

गैरसमज: मुलांना फक्त लढायाच आवडतात.
वस्तुस्थिती: शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेल्या पत्राचा आशय वर्गात सांगून पाहा. रयतेला त्रास देऊ नका, दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा, दिवे जळत ठेवू नका. उंदराने पेटती वात पळवली तर गवताच्या गंजी जळतील. या उंदराने मुलं हसतात आणि लगेच विचारतात, ‘गवत जळलं तर घोडे काय खाणार?’ राज्यकारभार समजायला तिथूनच सुरुवात होते.

गैरसमज: पुरावे तपासणं हे संशोधकांचं काम.
वस्तुस्थिती: अनेक गावांत वेशीवर किंवा देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, उभा असतो. सहसा खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत त्याने केलेली शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. काहींवर गाईही दिसतात. मुलांना त्याचं चित्र काढू द्या, मग विचारा: हा कशासाठी लढला असेल? दगडावर काय दिसतं आणि आपण अंदाजाने काय म्हणतोय? हा फरक ओळखणं हेच इतिहासकाराचं पहिलं काम.

गैरसमज: मतभेद सांगितले तर मुलांचा आदर कमी होतो.
वस्तुस्थिती: महाराजांचं जन्मवर्ष पूर्वी १६२७ मानलं जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची वर्षवार नोंदींची जुनी टिपणं, प्रसिद्ध केली, तिच्यात १६३० ची नोंद होती. ‘शिवभारत’ या समकालीन काव्यातूनही तिला दुजोरा मिळाला आणि पुढे राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. हे ऐकून महाराजांबद्दलचा आदर तसूभरही घटत नाही. उलट एका तारखेसाठी माणसं किती कष्ट घेतात, हे मुलांना कळतं.

आज इतिहासाच्या नावाखाली काहीही मोबाइलवरून पुढे ढकललं जातं. त्याला ‘कशावरून?’ असं विचारणारा नागरिक हवा असेल, तर त्याला ही सवय चौथीतच लावली पाहिजे.