नवे बांधलेले इंजिन जड का फिरते?

मुंबई-गोवा महामार्गावर पेणजवळ रामवाडी लागते. समजा, येथल्या एका गॅरेजात जुन्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन नुकतेच खोलून बांधले आहे. सिलिंडरना बोअरिंग केले, नवे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे घातली. गणपती चार दिवसांवर आले आहेत. किल्ली फिरवली, तर सेल्फ नुसता कण्हतो. इंजिन हलत नाही. कोणी म्हणतो, "दुसऱ्या गाडीला बांधून ओढा, होईल मोकळे!" मिस्त्री मात्र साफ नकार देतात. ते का, हे पाहू.

या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. यावरून एकूण घनफळ १०८९ घन सेंटिमीटर येते; गणित करून पाहा. इंजिन फिरवताना एकेका सिलिंडरमधील हवा दाबली जाते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम धरला, तर एका पिस्टनवर सुमारे ३६० किलोग्रॅम भार येतो! म्हणून थोडा जडपणा स्वाभाविकच आहे. पण दोष कोणता आणि स्वाभाविक कोणता, हे ओळखायचे कसे?

मिस्त्री प्रथम बॅटरी आणि तिच्या तारांची टोके तपासतात. बॅटरी उतरलेली असली किंवा अर्थची तार सैल असली, तर निर्दोष इंजिनही फिरणार नाही. मग ते गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावतात आणि इंजिन हाताने फिरवतात. दर अर्ध्या फेऱ्याला जोर लागून पुन्हा हलके वाटले, तर तो हवेचा दाब. चारही प्लग काढले की हवा बाहेर पडते. आता इंजिन सहज फिरले, तर यंत्रभागात अडथळा नाही.

प्लग काढूनही जड आहे? मग जडपणा सर्वत्र सारखा आहे, की एकाच ठिकाणी अडते, ते पाहायचे. सर्वत्र थोडासा जडपणा नव्या रिंगांच्या घर्षणामुळे असतो. सिलिंडरच्या नव्या पृष्ठभागावर रिंगा घासून बसेपर्यंत तो राहतो. एकाच जागी टणकन थांबत असेल, तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल किंवा आत एखादा नट पडला असेल. तेथे जोर करायचा नाही.

फारच जड असेल, तर संशय बेअरिंगांवर. क्रँक आणि बेअरिंग यांत मिलिमीटरचे काही शतांश एवढाच गाळा असतो. साधारण एका केसाच्या जाडीइतका. त्यात तेलाचा पातळ थर राहतो आणि क्रँक त्या थरावर फिरते. बेअरिंगच्या कॅपा ब्लॉकवर बसवून एकत्रच कातलेल्या असतात. त्यामुळे कॅपांची अदलाबदल झाली, एखादी उलटी बसली किंवा बेअरिंगच्या पाठीमागे धुळीचा कण राहिला, तरी गाळा संपतो.

आता मिस्त्री तेलाची टाकी खालून उतरवतात. ते एकच कॅप सैल करतात आणि इंजिन फिरवून पाहतात. फरक पडला नाही, तर ती पुन्हा कसून पुढची सैल करतात. जी सैल करताच इंजिन मोकळे झाले, तेथेच दोष!

गाडी ओढली असती तर? गाळा नसल्याने तेलाचा थर टिकला नसता. धातूवर धातू घासून बेअरिंगचा मऊ थर वितळला असता, क्रँकवर चरे पडले असते आणि सगळा खर्च वाया गेला असता. चार दिवस वाचवायला जाऊन महिना गेला असता. म्हणून जाणते मिस्त्री बांधतानाच प्रत्येक कॅप कसली की क्रँक फिरवून पाहतात. दोष लगेच सापडतो.

हाच प्रयोग सायकलवर करा. सायकल उलटी ठेवून पुढच्या चाकाचा कोन थोडा थोडा आवळत जा आणि दर वेळी चाक फिरवून किती फेरे होतात ते मोजा. नंतर कोन पूर्ववत करायला विसरू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, ही रीत गॅरेजात आणि प्रयोगशाळेत सारखीच असते.